रेंजर, शर्यत आणि तालीम

सांगवीत जाड टायरच्या आणि सरळ हँडलच्या कुठल्याही सायकलला 'रेंजर' म्हणतात. कंपनी कुठली, गिअर आहेत की नाहीत, याच्याशी देणंघेणं नाही. हीरोची रेंजर नव्वदच्या दशकात खेडोपाडी पोचली, हर्क्युलिसनं तर आपल्या सायकलच्या दांड्यावरच 'एमटीबी' अशी अक्षरं छापली, पण लोकांच्या तोंडी राहिली ती रेंजरच. डालडा आणि झेरॉक्सचं झालं तेच. त्याआधी सायकल म्हणजे काळी, उंच, मागं दणकट कॅरिअर असलेली, दुधाचे कॅन आणि वैरणीचे भारे वाहणारी. रेंजर आली ती बिनकॅरिअरची. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ती अर्धवट वाटायची, आणि विकत घेतल्यावर पहिलं काम असायचं ते तिला कॅरिअर बसवून घेण्याचं.

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरातली सायकल. आमच्या गावाला डोंगर नाही. नीरा नदी, उसाची शेतं, कालव्याच्या चाऱ्या आणि बारामती–फलटण रस्ता, एवढाच भूगोल. त्यामुळे डोंगरासाठी जन्मलेली ही सायकल इथं आली आणि शाळेला जाऊ लागली. दहावी-बारावी झाली की तिची जागा मोटारसायकल घेते, आणि मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा तीही घेत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि शनिवार-रविवार गावी असतो. गेल्या काही महिन्यांपासून सात-आठ मुलं माझ्याबरोबर चारीच्या कच्च्या रस्त्यानं सायकल चालवतात. त्यांचा प्रश्न साधा आहे: या सायकलवर शर्यत खेळायची, तीही संघातून, तर सुरुवात कशी करायची? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला या खेळाचा इतिहास पालथा घालावा लागला, आणि त्यात आपल्याकडे नेमकं काय नाही ते दिसलं.

भंगारातून निघालेला खेळ

माउंटन बाइक ही कुठल्या कारखान्याची कल्पना नव्हती. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, टॅमलपायस नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी काही तरुण राहायचे. त्यांतले अनेक जण रस्त्यावरच्या शर्यती खेळणारे होते. त्यांनी गंमत म्हणून तीस-चाळीसच्या दशकातल्या, पोरांनी पेपर टाकायला वापरलेल्या जड श्विन सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. सांगवीतली दुधाची सायकल घेऊन जेजुरीच्या गडावरून उतरावं, तसला प्रकार.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली वेळ लावलेली शर्यत घेतली. अंतर सुमारे साडेतीन किलोमीटर, उतार सुमारे चारशे मीटरचा. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, पॅडल उलटं मारलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून उताराचं आणि शर्यतीचंही नाव पडलं 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. चार्ली केली वेळ मोजायचा. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही पुढं गाजलेली नावं याच टोळीतली.

पुढचा प्रवास भराभर झाला. जुने सांगाडे मोडायला लागले, तेव्हा जो ब्रीझनं १९७७ साली या कामासाठी खास नवा सांगाडा बनवला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीनं 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली आणि कारखान्यातली माउंटन बाइक सर्वसामान्यांच्या हाती आली. १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची संघटना झाली, १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद, आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक. भंगारातून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं.

याच काळात एक उलटी गोष्टही घडली. ज्या टॅमलपायसवर हा खेळ जन्मला, तिथल्याच अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. पायी फिरणारे आणि घोडेस्वार तक्रारी करू लागले होते. वाट कुणाची, हा वाद या खेळाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. तो मुद्दा आपल्याकडेही येणार आहे, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

आपल्याकडची शर्यत

महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, देशात सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती जानकी दास आणि मुंबईचे सोहराब भूत यांच्या पुढाकारानं. दोनच वर्षांनी लंडन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय सायकल संघात मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता. मुंबई–पुणे शर्यत तर कित्येक पिढ्यांना माहीत आहे. तिच्यात बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळं बक्षीस मिळतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, त्यात सायकलींसाठी वेलोड्रोमही बांधला गेला.

आमच्या भागात पुणे–बारामती राष्ट्रीय सायकल शर्यत होत आली आहे. दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत स्पर्धक बारामतीत येतात. पुढच्या घोळक्यात बहुतेक सेनादल आणि रेल्वेचे खेळाडू असतात. जानेवारी २०२६ मध्ये तर पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यात झाली: चार टप्पे, एकूण सुमारे ४३७ किलोमीटर, आणि त्यातला एक टप्पा पुरंदरातून बारामतीत येऊन संपला. परदेशी संघ, रस्त्याच्या दुतर्फा शाळेची मुलं, नवंकोरं डांबर. आमच्या पोरांनी त्या सायकलींचे फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावले.

या सगळ्या शर्यतींत एक साम्य आहे. शर्यत येते आणि जाते. ज्याची तयारी आधीच झालेली आहे तो ती खेळतो. बाकीचे कडेला उभं राहून टाळ्या वाजवतात. माउंटन बाइकचंही तेच. राष्ट्रीय स्पर्धेत सब-ज्युनियर आणि ज्युनियर गट आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद केरळात पोनमुडीच्या डोंगरात झालं. संगमनेरसारख्या ठिकाणची प्रणिता सोमण या प्रकारात महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय पदकं मिळवते. पण आपल्याकडे 'संघ' याचा अर्थ निवड झालेल्यांची यादी असा आहे. जिल्ह्याच्या चाचणीतून राज्याचा संघ निवडला जातो आणि स्पर्धा संपली की तो विसर्जित होतो. ज्याला अजून काहीच येत नाही, त्याला घेणारा संघ कुठे आहे?

कुस्तीनं सोडवलेला प्रश्न

हा प्रश्न आपल्याकडे एका खेळानं फार पूर्वी सोडवला. कुस्ती हा पूर्णपणे एकट्याचा खेळ. हौद्यात उतरल्यावर मदतीला कुणी येत नाही. तरीही पैलवान एकटा तयार होत नाही, तो तालमीत तयार होतो. दहा वर्षांचं पोर तालमीत जातं ते कुस्ती जिंकायला नाही. ते आधी माती उकरतं, पाणी मारतं, जोर-बैठका काढतं, मोठ्यांची लढत बघतं. वस्ताद त्याला त्याच्या वजनाची जोड लावून देतो. गाजलेल्या प्रत्येक पैलवानामागं अशा पाच-पन्नास जोडी असतात, ज्यांची नावं कुठल्याही फलकावर येत नाहीत. त्या नसत्या तर हाही नसता. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, त्यामागं अशाच तालमींचं जग होतं.

म्हणजे तालमीचा खरा उपयोग हरणाऱ्यांसाठी असतो. मैदान जिंकणाऱ्याचं नाव घेतं, तर तालीम सगळ्यांना रोज संध्याकाळी बोलावते. सायकलला महाराष्ट्रात मैदानं मिळाली, पण गावोगावची तालीम मिळाली नाही. शहरांत क्लब आहेत, मात्र त्यांत मुख्यतः नोकरी करणारी, महागडी सायकल परवडणारी प्रौढ माणसं असतात.

बाकावर कुणी बसायचं नाही

माउंटन बाइकमध्ये तालमीसारखं काही उभं राहिलं ते तिच्या जन्मगावाच्या शेजारीच. मॅट फ्रिट्झिंगर हे बर्कली हायस्कूलमधले गणिताचे शिक्षक. शाळेत त्यांनी सायकलचा संघ सुरू केला, आणि २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची माउंटन बाइक लीग. २००९ मध्ये त्यातून राष्ट्रीय संघटना झाली आणि आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा लीग आहेत.

त्यांचे नियम मला शर्यतीपेक्षा जास्त रंजक वाटले. पहिला नियम असा की राखीव खेळाडू हा प्रकारच नाही. संघात आलेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी शर्यत खेळते. क्रिकेटच्या संघात पंधरावा खेळाडू पाण्याच्या बाटल्या नेतो. इथं पंधरावाही आपल्या गटात सायकल चालवतो आणि ओळ ओलांडतो. दुसरा नियम संघाच्या गुणांचा. गुण फक्त मुलांचे किंवा फक्त मुलींचे धरून भरत नाहीत, दोघांचेही लागतात. त्यामुळे मुली आणणं ही संघाची गरज होते, उपकार राहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे नवशिक्यांना पायरीपायरीनं शिकवणं: आधी ब्रेक, वळण, उभं राहून उतरणं; मग वेग.

हे फक्त हौशी लोकांचं समाधान नव्हतं. टॅमलपायसच्या पायथ्याशी वाढलेली केट कोर्टनी याच लीगमध्ये खेळली आणि २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहाइडला जागतिक विजेती झाली. तिच्याआधी अमेरिकेच्या स्त्रीनं क्रॉस-कंट्रीतलं हे पद मिळवलं होतं ते २००१ मध्ये. अर्थात, मरिन हा श्रीमंत भाग, तिथले पालक एका सायकलीवर इथल्या वर्षाच्या ऊसबिलाएवढा खर्च करू शकतात. ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. नियम मात्र फुकट आहेत.

सांगवीत काय लागेल

क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे चार-सहा किलोमीटरचा कच्चा फेरा, ठरलेल्या संख्येनं मारायचा. ज्युनियर गटाची शर्यत साधारण तासाभराची. बाहेरची मदत घ्यायची तर नेमून दिलेल्या जागीच, मधे पंक्चर झालं तर आपलं आपण. एवढं समजलं की सरावाला काय लागतं ते कळतं: मोकळा फेरा, हेल्मेट, चालू ब्रेक आणि पंक्चर काढता येणं. शेवटचं आमच्याकडे फार महत्त्वाचं आहे. वेडी बाभूळ आणि सराटे यांच्यापुढं कुठल्याही कंपनीचा टायर टिकत नाही. आमच्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला आता माझ्यापेक्षा लवकर ट्यूब बदलता येते.

फेऱ्याचा प्रश्न अवघड वाटतो, पण उत्तर पायाखाली आहे. नीरेचा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळाच्या काळात काढलेला आणि १८८५ च्या सुमारास वाहता झालेला. त्याच्या आणि चाऱ्यांच्या कडेनं देखरेखीसाठी कच्च्या वाटा आहेत. त्यांना चढ नाही, पण दगड, चिखल, वळणं आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकात भरून सायकल जागची हलत नाही, तेव्हा तालुक्याच्या उत्तरेचा मुरमाड माळ बरा. खरा चढ हवा असेल तर फलटण ओलांडून संतोषगडाच्या बाजूला जावं लागतं.

यांतली कुठलीही वाट आमची नाही. कालव्याची वाट पाटबंधारे खात्याची, माळाचा काही भाग वनखात्याचा, आणि सुप्याला तर चिंकाऱ्यांसाठीचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथं सायकली घुसवणं म्हणजे टॅमलपायसचं भांडण ओढवून घेणं. विचारून, ठरवून, ठरल्या वेळेला जावं लागेल.

डांबरी रस्त्याचा पर्याय मला मान्य नाही, कारण गळीत हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. अनेकांना मागं दिवा नसतो, बाहेर आलेला ऊस दोन्ही बाजूंना झुलत असतो. सायकल खेळायला योग्य असा थंडीचा सगळा काळ नेमका हाच. शाळेत जाणारं पोर यातूनच रोज जातं. त्याला सरावासाठी पुन्हा त्याच रस्त्यावर पाठवायला मी तयार नाही. माउंटन बाइकचा आग्रह धरण्यामागं माझं हे साधं कारण आहे. ती मुलांना डांबरावरून उतरवते.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला कोण जाईल, ते पुढं बघू. सध्या आम्ही दोन नियम घेतले आहेत. रविवारी जो येईल तो फेरा मारेल, सायकल साधी असो वा गिअरची. आणि फेऱ्याची वेळ धरायची ती तीन मुलगे आणि तीन मुली यांची मिळून. मुली सध्या दोनच आहेत, म्हणून आमची वेळ अजून लागलेली नाही. तिसरी यायला तयार आहे. तिच्या घरी सायकल आहे, जुनी रेंजरच, पण ती भावाची. या रविवारी तिच्या वडिलांना भेटायला जायचं ठरलं आहे. मुलांनी मला बजावून ठेवलंय, ऑलिंपिकचं काही बोलू नका, आधी पुढचा ब्रेक बसवून देतो म्हणा.