अडकलेला खडा

तारापूरची अणुभट्टी १९६९मध्ये सुरू झाली, तेव्हा पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यावर पोट उघडण्यावाचून भरवशाचा उपाय नव्हता. ती वाट १८९०मध्ये बाझेलच्या कुर्वाझिए यांनी दाखवली. पुढे हान्स केर यांची टी आकाराची नळी आली. पाचच वर्षांनी, १९७४मध्ये, जर्मनीत आणि जपानात तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेचं तोंड कापल्याचं प्रसिद्ध झालं. पोटाला टाका नाही! १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. बोईसर-पालघरकडे कावीळ म्हटली की आजही आधी झाडपाला आठवतो. पण खड्याची कावीळ त्यानं उतरत नाही, आणि थंडी वाजून ताप आला, तर नलिकेत जंतू शिरलेले असतात. मग आठवडा नव्हे, तास मोजायचे.