दरबार : उंबरठ्यावरचा शब्द

‘दरबार’ हा शब्द मराठीत राजसभा या अर्थाने रुळलेला असला, तरी त्याच्या मुळाशी सभा नाही, दार आहे. फारसी ‘दर’ हा संस्कृत ‘द्वार’ आणि मराठी ‘दार’ यांचा सगोत्र शब्द असून ‘बार’ म्हणजे आत येण्याची परवानगी, राजाने दिलेली भेट. त्यामुळे हे नाव आत बसलेल्या मानकऱ्यांवरून नव्हे, तर उंबरठ्याशी थांबलेल्या माणसाला आत घेण्याच्या क्रियेवरून पडले, असेच म्हणावे लागते.

असा आत घेणारा एक दरबार बेंगळुरात भरत असे. 1638 साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने शहराचा संस्थापक केंपेगौडा याच्या वंशजाकडून बेंगळूर जिंकले आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. त्यांच्या सभेचे जिवंत चित्र जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त (चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्य) आढळते; इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 मध्ये तो प्रसिद्ध केला. जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेवले, कारण त्याला बारा भाषांत कविता करता येत होती. मराठीत ‘भेट’ म्हणजे गाठ पडणे आणि त्या वेळी हाती दिलेली वस्तूही. या नारळांत ते दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत, आणि संस्कृत, कन्नड, दख्खनी अशा निरनिराळ्या भाषा एकाच दारातून आत आल्या आहेत.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने राजदरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘दरबार’ मराठीच्या तोंडून हलला नाही. देवाच्या दरबारी न्याय मागणारा मराठी माणूस आज मंत्र्यांच्या ‘जनता दरबारा’तही अर्ज घेऊन उभा राहतो. बेंगळुरात मुख्यमंत्र्यांच्या तशाच भेटीला मात्र ‘जनता दर्शन’ म्हणतात. 

कन्नडचा स्वतःचा जुना शब्द ‘ओलग’, म्हणजे राजाची सेवा व सभा. आता तो लग्नातल्या नागस्वर-डोलूच्या वादनालाही लावतात. राजाच्या भरगच्च सभेचे नाव ‘ओड्डोलग’ यक्षगानात, म्हणजे किनारी कर्नाटकाच्या नृत्यनाट्यात, टिकून आहे. तेथे त्याचा अर्थ मुख्य पात्राचा रंगभूमीवरील समारंभपूर्वक प्रवेश असा होतो, आणि तो प्रवेश पडद्याआडून, थांबत थांबत, नाचत होतो.