तापणारे इंजिन, बोअरचे पाणी आणि हेड गॅस्केट

निजामाच्या राज्य रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली, तेव्हा मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात होती. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतरच्या दशकांत विहिरींवरची तेलाची इंजिने, मालमोटारी आणि ट्रॅक्टर वाढत गेले, तसा गॅरेजमधील मिस्त्रीचा व्यवसायही या भागात रुजला. 1972 च्या दुष्काळानंतर विहिरींची जागा बोअर घेऊ लागले आणि त्यांचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये पडू लागले. त्याचा थर नळ्यांत साचून इंजिन तापते, हे मिस्त्रींना पक्के ठाऊक होते. म्हणूनच प्रत्येक तापणाऱ्या इंजिनाचा दोष आधी पाण्याच्या माथी मारला जाई, आणि बहुतेक वेळा तो योग्यही असे.

उरलेल्या वेळांचा गुन्हेगार निराळा होता. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर. जळत्या वायूचा दाब, तेल आणि पाणी यांना तो एकमेकांपासून वेगळे ठेवतो. अनेक इंजिनांत त्याची पाण्याची छिद्रे पंपाकडे लहान व दुसऱ्या टोकाला मोठी असतात, जेणेकरून पाणी संपूर्ण ब्लॉकमधून फिरूनच हेडमध्ये चढावे. अशा इंजिनात गॅस्केट उलटे बसले, तर पाणी पंपाजवळच वर चढून परत जाते आणि मागचे सिलिंडर तापत राहतात. बाहेर गळती नाही, तेलात पाणी नाही. मोकळ्या गाडीत दोष जाणवतही नाही, पण उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढताना तापमानाचा काटा वर सरकतो.

निदानासाठी थंड इंजिनाचा पंपाचा पट्टा काढून, रेडिएटर काठोकाठ भरून ते थोडा वेळ चालवतात. बुडबुडे आले, तर वायू पाण्यात शिरतो आहे, म्हणजे गॅस्केट फुटले आहे किंवा हेड वाकले अथवा तडकले आहे. बुडबुडे नसतील, रेडिएटर, पंप व थर्मोस्टॅट ठीक असतील आणि तापणे हेड उघडल्यानंतरच सुरू झाले असेल, तर गॅस्केटच्या दिशेवर संशय घ्यावा लागतो. हेड शेवटचे कधी उघडले होते, हा प्रश्न येथे कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाचा ठरतो. शहानिशेसाठी मात्र हेड उतरवून छिद्रे ब्लॉकशी ताडून पाहावी लागतात, आणि एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा वापरता येत नसल्याने केवळ पाहणीलाही नव्या गॅस्केटचा व मजुरीचा खर्च पडतो. रेडिएटर धुणे त्यामानाने स्वस्त, म्हणून तपासाची सुरुवात तेथूनच होत राहिली.