मुक्ता साळवे हिचा निबंध : एक ऐतिहासिक साधन

अव्वल इंग्रजीतील मराठी गद्याचा विचार करताना शास्त्रीमंडळींची भाषांतरे आणि क्रमिक पुस्तके यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. त्याच काळात पुण्यातील एका विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदया’ने तो १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन हप्त्यांनी छापला. विषय मांग-महारांचे दुःख. लेखिका मुक्ता साळवे, मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तिचे शिक्षण तीन वर्षे झालेले होते.

१८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि थोड्याच वर्षांत महार-मांगादिकांच्या मुलांसाठीही शाळा सुरू झाल्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण स्नेही या कार्यात जोतीरावांसोबत होते. लहुजी वस्ताद आणि राणबा महार यांनी वस्त्यांतील मुले शाळेपर्यंत आणण्यास साहाय्य केले. हा इतिहास परिचित आहे. शाळेत आलेल्या मुलांनी बरोबर काय आणले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

बाजीरावाची राजवट १८१८ मध्ये संपली. मुक्ताचा जन्म त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने झाला. तरीही तालीमखान्यावरून जाणाऱ्या अस्पृश्याचा शिरच्छेद, वाड्यांच्या पायांत तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे, अक्षर शिकणाऱ्या महार-मांगावर ओढवणारा रोष यांविषयी ती निःशंकपणे लिहिते. हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. ते वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेले होते. यातील प्रत्येक तपशील न्यायालयीन पुराव्याप्रमाणे घ्यावा असे नव्हे. परंतु बखरींनी या बाजूने पेशवाई पाहिलेली नाही, हे विसरता येत नाही. वर्तमानाविषयी तर ती प्रत्यक्षदर्शी आहे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून जखमी केले तरी महार-मांगांची मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागण्यास त्याच दारी जावयाचे असते, असे ती नोंदवते.

आपल्या लोकांना त्यांच्याच जमिनींवरून हाकलून तेथे इमारती उठविल्या, असाही तिचा आरोप आहे. शूद्रातिशूद्र हेच या भूमीचे मूळ रहिवासी, हा सिद्धान्त जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त मांडला तो १८७३ मध्ये. विद्यार्थिनीचे विधान आधी, गुरूचा ग्रंथ नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

मिशनच्या पत्राला हिंदू धर्मव्यवस्थेवरील टीका प्रिय होती, आणि निबंधात इंग्रजी राज्याची स्तुतीही आहे. तेवढ्यावरून त्यास मिशनऱ्यांचा प्रतिध्वनी ठरविणे अन्यायाचे होईल. छपराविना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या हालांची कल्पना वाचकाने स्वानुभवावरून करावी, असे जे आवाहन तिने केले आहे, ते मिशनने शिकविलेले नव्हे. येथे शिक्षकांचे श्रेय वेगळ्याच प्रकारचे आहे. तिच्या समाजाचे दुःख त्यांनी तिच्या वतीने सांगितले नाही. लेखणी तिच्याच हाती राहू दिली. त्याच १८५५ सालचे जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारले नाही व ते त्यांच्या हयातीत प्रसिद्धही झाले नाही. गुरूच्या आधी शिष्या छापली गेली!

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक शेतकरी वर्गातून घेण्याची मागणी केली; महार-मांगांच्या मुलांच्या शाळांचा प्रश्नही त्यांनी तेथे मांडला. निबंध मात्र जुन्या अंकांत पडून होता. १९९१ मध्ये सूझी थारू व के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्री-लेखनाच्या इंग्रजी संग्रहात त्याचे भाषांतर आले आणि तो दूरच्या विद्यापीठांतील वर्गांतही वाचला जाऊ लागला. त्याचे वाचन बहुधा दलित साहित्याचा किंवा स्त्री-लेखनाचा आरंभबिंदू म्हणून होते. उत्तर पेशवाईतील पुण्याच्या इतिहासाचे साधन म्हणून ते अद्याप विरळच आहे.