दिवाणखान्यातील पडद्याचे माप: टीव्ही, खोली आणि घरगुती इतिहास

या पाठात आपण एका अगदी घरगुती प्रश्नाकडे इतिहासाच्या नजरेने पाहणार आहोत. बैठकीच्या खोलीसाठी टीव्ही किती इंची घ्यावा? दुकानदार तुम्हाला सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर विचारतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा विज्ञानाने कायमचा ठरवून दिला आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात गेल्या चाळीस वर्षांत तो निदान तीनदा बदलला. खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर आणा. जबलपूरच्या दक्षिणेला नर्मदेकाठी ग्वारीघाट आहे. समजा, तिथे एक मराठी कुटुंब राहते. जबलपूर आणि नागपूर १९५६पर्यंत एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती, त्यामुळे नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आणि तिथलीच झालेली मराठी घरे जबलपूरला नवलाची नाहीत. या घराची बैठकीची खोली दहा फूट बाय बारा फूट. एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला टीव्ही. डोळ्यापासून पडद्यापर्यंत साधारण आठ फूट, म्हणजे ९६ इंच. हे आठ फूट लक्षात ठेवा, पुढे सतत लागतील.

आधी मापाविषयी थोडे. टीव्हीचे माप म्हणजे त्याची रुंदी नव्हे, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. जुन्या संचाची रुंदी आणि उंची ४:३ या प्रमाणात असे, म्हणून वीस इंची पडदा सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच. आजचा पडदा १६:९ आहे. तेवढ्याच कर्णात तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी भरतो. जुना २६ इंची आणि आजचा ३२ इंची पडदा यांची उंची जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे आजोबांच्या इंचांची तुलना आपल्या इंचांशी थेट करता येत नाही. जाहिरातीत '१०८ सेंमी' असे छापलेले असते आणि लोक मात्र 'त्रेचाळीस इंची' म्हणतात, हा गोंधळ वेगळाच.

आता मूळ गणित. निरोगी डोळा साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. आपल्याकडे स्थिरावलेल्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या रेषांचे होते. त्यातल्या सुमारे ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. या रेषा सुट्या दिसू नयेत म्हणून पडद्याच्या उंचीच्या सहापट तरी लांब बसावे लागते. बारा इंच उंचीच्या पडद्यासाठी हे अंतर होते सहा फूट. 'टीव्हीजवळ बसू नकोस' हे घराघरातले वाक्य डोळ्यांच्या काळजीपोटी बोलले जाई, पण जवळ बसल्यावर चित्र रेघारेघांचे दिसे हेही खरेच होते.

एकदा ठरलेले माप पुढे किती काळ बांधून ठेवते याचा दाखला ग्वारीघाटातच आहे. जबलपूर–गोंदिया रेल्वेमार्ग अडीच फुटी नॅरो गेजचा होता. ग्वारीघाट हे त्याच मार्गावरचे स्थानक. विसाव्या शतकाच्या आरंभी ठरलेली ती रुंदी २०१५पर्यंत तिथल्या प्रवासाचा वेग ठरवत होती. ६२५ रेषांचेही तसेच झाले.

हिशेबाप्रमाणे आपल्या आठ फुटांवर २६ इंची संचसुद्धा चालला असता. मग १९८०च्या दशकात बहुतेक घरांत वीस इंची, नाही तर चौदा इंची 'पोर्टेबल'च का दिसे? इथे डोळ्याचे गणित संपते आणि इतिहास सुरू होतो. काचेची चित्रनळी महाग आणि जड. माप वाढले की नळीची लांबीही वाढे. संच मागे इतका फुगलेला असे की सपाट भिंतीला तो खोलीच्या आत घुसल्यासारखा वाटे. म्हणून त्याची जागा कोपऱ्यात. जुन्या छायाचित्रांत टीव्ही तिरका ठेवलेला दिसतो, त्यामागचे एक मोठे कारण ही नळी. आठ फुटांवरून वीस इंची चित्र दिसायचे तरी केवढे? हात लांब करून मूठ वळा. साधारण त्या मुठीएवढे.

आणि पाहणारे किती होते, हे विसरू नका. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चाळीत मजल्यावर एखाद्याच घरी संच असे आणि रविवारच्या चित्रपटाला सारा मजला तिथे लोटे. १९७५–७६मध्ये 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसवले गेले. त्यांतली मध्य प्रदेशातली गावे रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागातली, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधली. तिथे 'एका प्रेक्षकासाठी योग्य अंतर' या कल्पनेला अर्थच नव्हता. पहिल्या रांगेतले पोर चार फुटांवर, शेवटचा माणूस अंधारात कुठेतरी. जानेवारी १९८७पासून जुलै १९८८पर्यंत 'रामायण' चालू असताना शहरांतही हेच झाले. माझ्या मते आजच्या खरेदी-मार्गदर्शनातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. ते दिवाणावर मधोमध बसलेला एकच माणूस गृहीत धरते. बाजूच्या खुर्चीवरून, जमिनीवरून, स्वयंपाकघराच्या दारातून पाहणारे त्या हिशेबात नाहीत. तुमच्या घरात दारातून पाहणारी व्यक्ती कोण होती, हे आजीला विचारा. उत्तरातून घराची उतरंड कळेल.

ग्वारीघाटातल्या आपल्या घराला आणखी एक अडचण होती. मुंबई दूरदर्शनच्या मराठी कार्यक्रमांचे क्षेपण तिथवर पोहोचत नव्हते. दिसे ते दिल्लीहून येणारे हिंदी राष्ट्रीय प्रसारण. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत, त्यांत कधी मराठीही असे. घरच्यांना तो ऐकून कळे, पण शेजाऱ्यांना खालची इंग्रजी अक्षरे वाचावी लागत. चौदा इंची पडद्यावर ती आठ फुटांवरून वाचून पाहा, म्हणजे मोठ्या पडद्याची हौस केवळ दिखाऊ नव्हती हे पटेल.

१९९०च्या दशकात वाहिन्या वाढल्या, रंगीत २१ इंची संच सर्वसाधारण झाला. त्याच्या मापाने सुतारांनी शोकेस बनवल्या. पुढे सपाट पडदे आले तेव्हा अनेक घरांनी टीव्ही निवडला तो खोलीच्या नव्हे, तर शोकेसच्या कप्प्याच्या मापाने.

सपाट पडद्याने दुसरा पेच आणला. जबलपूरचा समावेश केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होता, त्याची मुदत ३१ मार्च २०१३. सेट-टॉप बॉक्स आला, पण अनेक वाहिन्यांचे चित्र ५७६ रेषांचेच राहिले, तेही ४:३ प्रमाणातले. नव्या रुंद पडद्यावर ते ताणले जाई आणि सगळे कलाकार एकाएकी गुबगुबीत दिसत. सहापटीचा नियम इथेही लावा. ३२ इंचीला सुमारे आठ फूट लागतात, ४३ इंचीला साडेदहा. म्हणजे आपल्या खोलीत त्या वर्षी योग्य माप ३२ इंची. ज्याने ऐपत होती म्हणून मोठा घेतला, त्याला जास्त पैशात अधिक धूसर चित्र मिळाले.

आज १,०८० रेषांचे चित्र सहज मिळते. त्यासाठी उंचीच्या तिपटीहून थोडे अधिक अंतर पुरते. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेने १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर हाती घेतलेल्या संशोधनातूनही अशीच तिपटीची शिफारस पुढे आली. चित्राने नजरेचा सुमारे तीस अंशांचा भाग व्यापला की पाहणारा त्यात रमतो, असा त्याचा आधार. सोप्या हिशेबाने कर्णाला १.६ने गुणले की तीस अंशांचे अंतर मिळते. आपल्या ९६ इंचांना १.६ने भागा, उत्तर येते ६०. बाजारात त्याच्या जवळचे माप ५५ इंची. त्याच अंतरावर ५५ इंची पडद्यात 'फोर-के'मुळे वाढलेला बारकावा डोळ्याला फारसा जाणवणार नाही, असेही हाच हिशेब सांगतो. दुकानात हे सहसा कोणी बोलत नाही.

पण ५५ इंची परवडतो का? इथे सरकार खोलीत येते. १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचीपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ रोजी हा फरक गेला. त्याआधीची जवळजवळ सात वर्षे ३२ इंचीपर्यंतची गरज आणि त्यापुढची चैन, अशी रेघ कायद्यानेच आखली होती. तामिळनाडूत २००६पासून सरकारने मोफत वाटलेले रंगीत संच चौदा इंची होते. गरिबाच्या खोलीला किती मोठे चित्र पुरे, हे तिथे अर्थसंकल्पाने ठरवले.

स्वाध्याय म्हणून तुमच्या किंवा नातेवाइकांच्या घरातली बैठकीची खोली मोजा. डोळ्यापासून पडद्याचे अंतर, पडद्याची उंची आणि नेहमी पाहणाऱ्या प्रत्येकाची बसण्याची जागा कागदावर काढा. जुनी पावती, वॉरंटी कार्ड किंवा सणावाराचे छायाचित्र मिळाले तर त्यावरून आधीच्या संचाचे माप आणि जागा शोधा. जुनी शोकेस अजून असेल तर कप्प्याची रुंदी-उंचीच नव्हे, खोलीही मोजा. कप्पा वीस इंच खोल असेल किंवा मागची फळी कापलेली असेल, तर तो बहुधा नळीच्या टीव्हीसाठी बनवलेला आहे.