बुणग्यांचे पानिपत

पानिपतला आम्ही गेलो ते इतिहासासाठी नव्हे. मागकामगारांच्या एका बैठकीचे निमित्त होते. भिवंडीप्रमाणे पानिपतही विणकरांचेच गाव. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत काढून ब्लँकेटे विणणारे कारखाने तेथे पुष्कळ आहेत. 1947 साली तेथले मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले, पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. माग मात्र चालूच राहिले. बैठक दुपारी आटोपली, गाडी रात्रीची होती, तेव्हा आम्ही चौघांनी काला आंब पाहून येण्याचे ठरविले.

शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर हे ठिकाण आहे. लोखंडी कठड्याच्या आत विटांचा एक स्तंभ. पूर्वी येथे आंब्याचे झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी लोकांची समजूत. जानेवारीचा महिना; धुक्यात पन्नास पावलांपलीकडचे दिसत नव्हते. आमच्यातला एक मागवाला म्हणाला, "इथे आपली माणसं होती तरी किती?" आम्ही उलट विचारले, "लढणारी, की सगळी?"

श्रोतेहो, या प्रश्नासाठीच आज आम्ही उभे आहोत. सदाशिवरावभाऊ 1760 च्या मार्चमध्ये पटदुराहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा फौजेबरोबर बायकामुले होती, काशी-प्रयागाच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते. नाना फडणीस, त्यांची आई व बायको त्यांतच. शिवाय धान्याचे बैल हाकणारे वंजारी, खंदक खणणारे बेलदार, नालबंद, भिस्ती, घोड्यांचे मोतद्दार. लढणाऱ्यांहून न लढणारे अधिक होते, याविषयी फारसा मतभेद नाही. या सर्वांना बखरींनी एकच नाव दिले : बुणगे. आज मराठीत 'बाजारबुणगे' ही शिवी आहे.

शिवी कशी झाली, ते ठाऊक आहे. पराभवाचा दोष कोणावर तरी टाकावा लागतो. बुणग्यांनी फौज जड केली, हे खोटे नाही. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट या दोघांनीही सांगितले होते, की कबिले व जड सामान मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा. भाऊंनी ते मानले नाही. म्हणजे निर्णय सेनापतीचा, आणि बोल मात्र पाणक्याला! कारखान्यात आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे.

ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दालीसाठी साठविलेले धान्य मराठ्यांच्या हाती लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट अडवून बसला. पुढे अडीच महिने छावणी खंदकाच्या आत. दुआबात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि आपलीच रसद आटत चालली. घोड्यांना वैरण नाही, माणसांना दाणा नाही, आणि थंडी उत्तरेची. संप केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिले पंधरा दिवस घोषणांवर जातात, मग वाणी उधार बंद करतो, मग घरातली भांडी निघतात. मालक संप मोडतो तो पोटावर. अब्दालीने तेच केले.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने एका रात्रीची हकीकत लिहून ठेवली आहे. लाकूडफाटा व गवत आणण्यासाठी छावणीतले लोक अंधारात बाहेर पडले. गस्तीच्या पठाणांनी त्यांना घेरले आणि कापून काढले. काशीराज आकडा वीस हजार सांगतो. तो फुगलेला असेल. दहावा हिस्सा धरला तरी ती दोन हजार माणसे होत, आणि त्यांच्या हाती तलवार नव्हती, विळा होता. विश्वासरावांस गोळी लागली तो क्षण पोरासोरांनाही पाठ आहे. या रात्रीचे नाव कोणी घेत नाही.

14 जानेवारी 1761 ला उपाशी फौज बाहेर पडली. दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे होते, त्यात मोठा वाटा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा व पलटणींचा. पुढे तो पकडला गेला आणि मारला गेला. 1970 आणि 1984 पाहिलेल्या या गावात हे नाव जरा मोठ्याने घेतले पाहिजे, म्हणून घेतो. नाना फडणीस निसटले. आई परत आली नाही. नानांनी आत्मवृत्त लिहिले म्हणून तिची हकीकत तरी राहिली. वंजाऱ्यांत लिहिणारे कोण होते?

परतताना पानिपतच्या संग्रहालयात डोकावलो. झाड वठल्यावर त्या आंब्याच्या लाकडाचे दार घडविले होते, ते तेथे ठेवले आहे. नक्षी उत्तम. आमचा मागवाला बराच वेळ त्यापुढे वाकून पाहत राहिला. "सांधा कुठे आहे तो दिसतच नाही," एवढेच म्हणाला. बाहेर अंधार पडू लागला होता. आम्ही स्टेशनाची रिक्षा धरली.