मापाचे सुटे भाग

सूरजागडच्या डोंगरातला दगड ट्रकात पडतो तेव्हा त्याला माप नसते. भट्टीतून निघून, लेथवर चढून त्याचा बोल्ट होतो तेव्हा त्याला माप येते. या मापाचा इतिहास आज सांगावयाचा आहे. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते लोखंडावरून जिवंत पेशीपर्यंत जाऊन पोहोचले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ज्याच्या त्याच्या कारखान्याचा आटा वेगळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने 55 अंशांचा आटा सुचविला. 1864 साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंशांचा. पुढे मोडक्या यंत्राचा भाग परगावीही मिळू लागला. पण त्याच मापाने जुन्या कारागिराचा हातगुणही स्वस्त केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जनुकांचे काम दीर्घकाळ असेच ज्याच्या त्याच्या पद्धतीने चाले. एमआयटीतील टॉम नाइट हा मूळचा संगणक-अभियंता. त्याने 2003 साली ‘बायोब्रिक’ची रीत मांडली. डीएनएच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरलेला अक्षरक्रम ठेवायचा, ठरलेल्या विकरांनी कापायचे आणि जोडायचे. खुबी अशी की, दोन तुकड्यांच्या जोडाची टोकेही पुन्हा तशीच राहतात. म्हणून त्याला तिसरा जोडता येतो. 2004 साली पाच विद्यार्थी-संघांची स्पर्धा झाली. तयार झालेले भाग सामाईक कोठारात जमा होऊ लागले. पुण्याच्या ‘आयसर’चे विद्यार्थीही पुढे त्या स्पर्धेत उतरले.

परंतु टोके जुळली म्हणजे काम जुळले असे नव्हे. नट गेजने तपासता येतो. पेशी मात्र वाढते, दमते, अन्नपाण्याप्रमाणे वागणूक बदलते. जनुक चालू करणारा एकच तुकडा दोन प्रयोगशाळांत दोन आकडे देई. 2009 साली संशोधकांनी तोड काढली : एक तुकडा मानक धरायचा, तो शेजारी ठेवूनच दुसरा मोजायचा. परिस्थिती आणि यंत्रे यांमुळे पडणारा फरक त्यामुळे सुमारे निम्म्याने घटला. तराजू बदलले तरी वजन तेच ठेवावे, तशी ही युक्ती आहे.

याचे आपल्याला काय? गडचिरोलीच्या जंगलात हिवतापाने किती घरे पोखरली, हे आपण जाणतो. त्यावरचे आर्टेमिसिनीन एका वनस्पतीपासून मिळते. जे कीसलिंग यांच्या गटाने 2006 साली यीस्टमध्ये जनुके बसवून त्याचे पूर्वद्रव्य काढून दाखविले. 2013 साली सनोफी कंपनीने मोठे उत्पादन सुरू केले. पण शेतातले औषध स्वस्त पडले आणि कारखान्याचे महाग. काही वर्षांतच तो कारखाना विकला गेला. यंत्र हरले, शेतकरी टिकला. परंतु भाव उलटा फिरला असता तर त्या शेतकऱ्याला कोणी विचारले असते काय?

म्हणून विज्ञानाला विरोध करण्याचे कारण नाही. सामाईक कोठार ही चांगली चाल आहे, आणि ती टिकली पाहिजे. खाणीत टनाचे वजन कोणापुढे होते यावर आम्ही आयुष्यभर भांडलो. जिवंत भागांचे माप ठरते त्या मेजावरही औषध घेणारा आणि पीक काढणारा यांना बसावयास जागा हवी, एवढेच मागणे मी आपल्यापुढे ठेवतो.